कात्री कुणाच्या हातात? जागतिकीकरण आणि न छापलेल्या बातम्या

प्रश्न असा आहे: जागतिकीकरणामुळे पत्रकारांचं स्वातंत्र्य वाढलं की घटलं? आणि कुणी बंदी घातलेली नसताना पत्रकार स्वतःहून बातम्या का टाळतात?

बातमी मिळवण्याचं आणि पोचवण्याचं स्वातंत्र्य वाढलं, यात वाद नाही. पण वृत्तपत्राचं नाक दाबायच्या जागाही वाढल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा आज संपादकाच्या शहरात तर सोडाच, देशातही नाहीत. कागद बाहेरून येतो, जाहिरातीचा निर्णय दुसऱ्या खंडातल्या मुख्यालयात होतो, वाचक परक्या कंपनीच्या अल्गोरिदममधून येतो आणि खटला भलत्याच शहरात उभा राहतो. बातमीचा धोका मात्र अजूनही तालुक्याच्या वार्ताहराच्याच अंगावर येतो. सूत्रं लांब आणि धोका जवळ, अशी ही वाटणी आहे. स्वतःहून बातमी गाळण्याची सवय त्यातूनच लागते.

आधी कागदाचं बघू, कारण त्याचा हिशेब मांडता येतो.

पुण्याच्या ‘सकाळ’चा खटला पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात, पण त्यातले आकडे सहसा कुणी सांगत नाही. १९५६ चा वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांनी अंकाची किंमत आणि पानं एकमेकांना बांधून टाकली होती. ‘सकाळ’ तेव्हा ७ नये पैशांना मिळायचा आणि सोमवार ते शनिवार मिळून ३४ पानं द्यायचा. आदेशाप्रमाणे ३४ पानं द्यायची तर किंमत ८ नये पैसे करावी लागणार होती. ७ पैसेच ठेवायचे तर पानं २४ वर येणार होती. दोन्हीकडून खप आणि मजकूर यांवरच घाव बसतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कायद्याचं मुख्य कलम आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. पुढे १९७२ मध्ये टाइम्स समूहाच्या बेनेट कोलमन कंपनीच्या खटल्यात न्यूजप्रिंट (वृत्तपत्राचा कागद) धोरणातली दहा पानांची मर्यादाही अशीच उडाली. या दोन्ही वेळी कागदावर हात ठेवणारं सरकार होतं, आणि सरकारला कोर्टात खेचता येत होतं. कागदाच्या जागतिक बाजाराविरुद्ध रिट याचिका कुठे करणार?

आता हिशेब. ब्रॉडशीटचं, म्हणजे मोठ्या आकाराच्या वृत्तपत्राचं, एक पान साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच धरा. बारा पानांचा अंक म्हणजे पाठपोट छापलेली सहा पानं, म्हणजे १.०७ चौरस मीटर कागद. चौरस मीटरला ४५ ग्रॅमचा न्यूजप्रिंट धरला तर एका अंकाचं वजन सुमारे ४८ ग्रॅम भरतं. कागद किलोमागे १० रुपयांनी महागला की प्रत ४८ पैशांनी महाग पडते. ५०,००० खपाच्या जिल्हा दैनिकाला दिवसाला २४,००० आणि महिन्याला सव्वासात लाखांच्या आसपास खड्डा. छपाईतली नासाडी वेगळीच. एवढ्या पैशांत अशा दैनिकाच्या बातमीदारांचे पगार भागतात. पाच रुपयांच्या अंकातून एजंट आणि विक्रेत्याचं कमिशन गेल्यावर मालकाच्या हाती जे उरतं, त्यात हा खड्डा बुजत नाही. मग दोनच वाटा उरतात: पानं कमी करायची, नाहीतर जाहिरातदाराचं जास्त ऐकायचं. बहुतेक जण दोन्ही करतात.

जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क लागलं, फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्के झालं. या दोन आकड्यांच्या मधल्या सात महिन्यांत छोट्या दैनिकांचे व्यवस्थापक काय करत असतील ते वरच्या गणितावरून कळेल. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेत ‘द आयलंड’ आणि ‘दिवयिन’ या दैनिकांना कागद नाही म्हणून छपाई थांबवावी लागली. त्यांच्यावर कुणी बंदी घातली नव्हती. देशाकडचे डॉलर संपले होते.

जाहिरातीचा दबाव यापेक्षा बारीक असतो. जाहिरात विभागाचा माणूस संपादकाला ‘बातमी छापू नका’ असं सहसा म्हणत नाही. तो विचारतो, ‘नाव घालायलाच हवं का?’ त्यापुढचा खेळ मराठी वाचकाला रोज सकाळी चहासोबत दिसतो. पाणीपुरीवाल्याकडे अस्वच्छ पाणी सापडलं तर त्याचं नाव, वय, गल्ली, मूळ गाव सगळं छापून येतं. तीच तक्रार मोठ्या हॉटेलची असेल तर ‘शहरातील एका नामांकित हॉटेलमध्ये’. रुग्ण दगावल्याची तक्रार असेल तर ‘एका नामांकित खासगी रुग्णालयात’. गुन्हा दाखल झालेला असतो, प्रथम माहिती अहवालात नाव असतं, तरी बातमीत ते नसतं. ‘नामांकित’ हा आपल्याकडचा सेन्सॉरचा शिक्का आहे. गंमत म्हणजे बातमीत नाव येऊ द्यायचं नाही, म्हणूनच तो वापरतात. आपलं दैनिक किती मोकळं आहे हे तपासायचं असेल तर महिन्याभराच्या अंकांत ‘नामांकित’, ‘बडा’, ‘एका खासगी कंपनीच्या’ हे शब्द किती वेळा आणि कुणासाठी आले ते मोजा. एक दुपार पुरते.

हे जागतिकीकरणाशी जोडलेलं कसं? १९९१ नंतर गाड्या, मोबाइल, विमा, खासगी शिक्षण आणि बांधकाम यांच्या जाहिराती इतक्या वाढल्या, की अंकाची किंमत उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली ठेवणं परवडू लागलं. वाचकाला अंक जवळपास फुकट मिळाला, आणि संपादकाचा खरा ग्राहक बदलला. २००५ च्या सुमारास टाइम्स समूहाने कंपन्यांचे शेअर घेऊन त्या बदल्यात जाहिरात देण्याची ‘प्रायव्हेट ट्रीटी’ पद्धत आणली, आणि नंतर इतर समूहांनीही तशी गणितं केली. ज्या कंपनीत आपला वाटा आहे तिच्याविरुद्धची बातमी म्हणजे आपल्याच पैशांवर दगड. म्हणून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २००९ मध्ये प्रेस कौन्सिलकडे हा विषय नेला आणि २०१० मध्ये असा वाटा बातमीसोबत जाहीर करणं बंधनकारक असल्याचं सांगितलं. बातमीखाली तशी ओळ तुम्ही शेवटची कधी वाचली, आठवून बघा. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर गाजलेलं ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं, प्रकरण याच वाटेवरचं पुढचं गाव. बातमीची जागा विकाऊ आहे हे एकदा ठरलं, की कंपनी काय आणि उमेदवार काय.

तालुक्याच्या पातळीवर तर बातमी आणि जाहिरात यांच्यात भिंत नसतेच, कारण दोन्ही एकाच माणसाकडे असतात. अर्धवेळ वार्ताहर बातमी पाठवतो, आणि तोच वर्धापनदिनाच्या विशेषांकासाठी, नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करतो. मानधन नावापुरतं, खरी कमाई कमिशनची. ज्याच्याकडे ऑगस्टमध्ये जाहिरात मागायला जायचं, त्याच्या खाणीची बातमी जूनमध्ये लिहिणं अवघडच. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या जागी बसून हिशेब करून पाहावा.

आणि लिहिलं तर? राजापूरचं उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या रिफायनरी प्रकल्पात २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक भागीदार म्हणून पुढे आल्या. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेची ही योजना आधी नाणारला आणि मग बारसूच्या सड्यावर वादात सापडली. या प्रकल्पाबद्दल सातत्याने लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात गाडीखाली चिरडण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. प्रकल्पाचा समर्थक असलेल्या एका स्थानिकावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. ज्याच्याबद्दल बातमी छापून आली, त्याच दिवशी त्याच्याच गाडीची ही घटना. भागीदार आखाती देशांतले, चर्चा हजारो कोटींची, आणि लिहिणारा दुचाकीवरून फिरणारा. अशी एक घटना झाली की आसपासच्या पाच तालुक्यांतल्या वार्ताहरांना कुणी धमकी द्यावी लागत नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, विधिमंडळाने तो २०१७ मध्ये केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा हल्ला झाल्यावर कामाला येतो. न लिहिलेली बातमी त्याला दिसत नाही.

परदेशातली दोन उदाहरणं मुद्दाम घेतो, कारण ‘मुक्त बाजार आला की मुक्त वृत्तपत्रं येतात’ हा समज त्यांनी पार मोडीत काढला. १९९३ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांनी हाँगकाँगच्या स्टार टीव्हीत मोठा हिस्सा घेतला. १९९४ मध्ये चीनकडे जाणाऱ्या उपग्रह प्रक्षेपणातून बीबीसीची वाहिनी काढून टाकली गेली. चीनच्या बाजारात पाय ठेवायचा तर बीजिंगची नाराजी नको होती. म्हणजे मोठ्या बाजारात शिरायची इच्छा हीच लगाम ठरू शकते, आणि तो लगाम माणूस स्वतःच तोंडात घेतो.

दुसरं उदाहरण ‘अ‍ॅपल डेली’चं. हाँगकाँगसारख्या जागतिक अर्थकेंद्रात दैनिक बंद पाडायला छापखान्याला टाळं ठोकावं लागलं नाही. १७ जून २०२१ ला सुमारे ५०० पोलीस कार्यालयात शिरले, संपादकांना अटक झाली आणि तीन संबंधित कंपन्यांची १ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरची मालमत्ता गोठवली. खाती हलेनात म्हणून पगार आणि देणी थांबली, आणि २४ जूनला शेवटचा अंक निघाला, दहा लाख प्रती छापून. आठवड्याभरात काम झालं. त्याआधीची काही वर्षं मोठे जाहिरातदार या दैनिकाकडून बाजूला होत होते, त्यामुळे ते आधीच अशक्त झालं होतं. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेच्या जागतिक वृत्तपत्र-स्वातंत्र्य निर्देशांकात हाँगकाँग २०२१ मध्ये ८० व्या स्थानावर होतं, २०२२ मध्ये १४८ व्या. भारत २०२५ च्या यादीत १५१ वा होता. या क्रमांकांवर फार वाद घालण्यात अर्थ नाही, मोजण्याची रीत दर काही वर्षांनी बदलते. हाँगकाँगची एका वर्षातली घसरण मात्र केवळ रीत बदलल्याने झाली असं कुणी म्हणणार नाही.

परदेशी गुंतवणुकीबद्दल आपल्याकडे उलटी भीती होती. १९५५ च्या मंत्रिमंडळाच्या ठरावाने परदेशी वृत्तपत्रांना दार बंद केलं, २००२ मध्ये बातम्यांच्या छापील माध्यमांत २६ टक्क्यांपर्यंत परवानगी मिळाली, २०१९ मध्ये तीच मर्यादा डिजिटल बातम्यांनाही लागली. परिणाम बघा: हफपोस्ट या अमेरिकी बातमी-संकेतस्थळाची मालकी बझफीड या अमेरिकी कंपनीकडे जाणार असं ठरलं, या मर्यादेमुळे भारतीय आवृत्ती तिला ताब्यात घेता येईना, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हफपोस्ट इंडिया बंद झालं. २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसी मराठीही एप्रिल २०२४ पासून ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय कंपनीमार्फत चालते. देशी मालकीचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण जी नोटीस लंडनचं मुख्यालय हसून बाजूला ठेवेल, ती लहान देशी कंपनीची झोप उडवते.

प्लॅटफॉर्मचा मुद्दा वेगळ्या धाटणीचा आहे. कॅनडाच्या कायद्याने बातम्यांचे पैसे द्यायला लावल्यावर मेटाने ऑगस्ट २०२३ पासून तिथे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्याच बंद केल्या. एका लोकशाही देशाच्या संसदेशी जिथे ही वागणूक, तिथे लातूरच्या पोर्टलचं काय ऐकणार? यूट्यूबवर ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक (भंगाच्या नोंदी) बसले की चॅनेल काढलं जाऊ शकतं, सगळा जुना साठा घेऊन. म्हणून दुसऱ्याच्या भाषणाची दहा सेकंदांची चित्रफीत, जी टीकेसाठी वापरणं कायद्याने रास्त ठरू शकतं, तीही संपादक काढून टाकतो. आत्महत्या, बलात्कार, दंगल असे शब्द मथळ्यात आले की जाहिरात जाते या धास्तीने मधल्या अक्षरावर फुली मारायची पद्धत पडली. शेतकरी आत्महत्यांची बातमी करणाऱ्यांना मूळ शब्दच चोरून लिहावा लागतो, आणि ही सक्ती कुठल्या कायद्याने केलेली नाही.

सरकारला या रचनेचा फायदा कळला आहे. संपादकाशी भांडत बसण्यापेक्षा यूट्यूब-फेसबुकसारख्या मध्यस्थ कंपनीला कळवणं सोपं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली मजकूर अडवण्याचे आदेश निघतात आणि २००९ च्या नियमांतला सोळावा नियम ते गोपनीय ठेवायला सांगतो. त्यामुळे पुष्कळदा लेखकाला आपला मजकूर का गेला तेच कळत नाही, आणि कारण माहीत नसलं की माणूस गरजेपेक्षा जास्त जपतो. मुंबई उच्च न्यायालयाने इथे दोनदा हात धरला. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ यांच्या याचिकांवर ऑगस्ट २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नव्या नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला स्थगिती दिली. डोक्यावर टांगती तलवार ठेवून लोक मोकळेपणी लिहिणार नाहीत, असा न्यायालयाचा रोख होता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ‘फॅक्ट चेक युनिट’ची, म्हणजे सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या कक्षाची, तरतूदही रद्द ठरली.

कोर्टाचं शस्त्र कंपन्यांच्याही हातात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे रॉयटर्ससारख्या संस्थेला एका हॅकिंग उद्योगावरचा शोधलेख जगभरातून खाली घ्यावा लागला. आदेश उठल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये तो पुन्हा दिसला. दहा महिने लेख गायब. उलट, झी विरुद्ध ब्लूमबर्ग प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालचा मनाई आदेश रद्द केला आणि पूर्ण सुनावणीआधी बातमी रोखणं हा अपवादच असावा असं बजावलं. हा निकाल प्रत्येक जिल्हा दैनिकाच्या वकिलाच्या फाइलीत छापून असावा.

आता उपाय. धाडस करा, असा सल्ला मी देणार नाही. तो देणाऱ्याला काही किंमत मोजावी लागत नाही.

नोटिशी बहुतेकदा मथळ्यावरून येतात. बातमीदार सावधपणे ‘आरोप’ लिहितो, रात्री अकराला पान लावताना उपसंपादक तीन शब्दांत बसवायचं म्हणून ‘लुटारू’ लिहितो. म्हणून अडचणीच्या बातमीचा मथळा, फोटो आणि फोटोओळ हे तीनही ज्याने कागदपत्रं पाहिली आहेत त्याच्या नजरेखालून गेले पाहिजेत. समोरच्या पक्षाला प्रश्न फोनवर विचारून भागत नाही. ईमेलने, क्रमांक घालून, २४ ते ४८ तासांची मुदत देऊन विचारावेत आणि उत्तर आलं नाही तर कधी विचारलं होतं तेही छापावं. सातबारा, निकाल, ताळेबंद यांच्या प्रमाणित प्रती आधीच काढाव्यात, कारण बातमी आल्यानंतर त्या मिळायला अचानक उशीर लागतो. वेबवरची बातमी दुरुस्त केली तर जुनी आवृत्ती तारीख-वेळेसह जपून ठेवावी.

कायद्याची मुदत माहीत असली की निम्मी भीती जाते. बदनामीचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो, फौजदारी तक्रारीला तीन वर्षं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली कमाल शिक्षा दोन वर्षं. लांबच्या शहरात तक्रार झाली आणि तुम्ही त्या दंडाधिकाऱ्याच्या हद्दीबाहेर राहत असाल, तर समन्स काढण्याआधी त्याने चौकशी करणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२५ प्रमाणे आवश्यक आहे. आणि त्याच संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. या पायऱ्या गाळल्या गेल्या असतील तर आदेशाला आव्हान द्यायला जागा मिळते. वकिलाला हे माहीत असतं, पण वार्ताहराला माहीत नसतं आणि पहिली नोटीस त्याच्याच घरी येते. मालकाने कोर्टखर्च कुणी करायचा हे वार्ताहराच्या नेमणूकपत्रात लिहून द्यावं. बहुतेक पत्रांत उलटी ओळ असते, की मजकुराची जबाबदारी वार्ताहराची. ती ओळ दिसली तर सही करण्याआधी भांडा.

जी बातमी एका दैनिकाला झेपत नाही ती वाटून घ्यावी. एप्रिल २०१६ मध्ये पनामा पेपर्सच्या, म्हणजे परदेशांतल्या छुप्या कंपन्यांबद्दलच्या फुटलेल्या १ कोटी १५ लाख कागदपत्रांवरच्या बातम्या शंभरहून अधिक माध्यमसंस्थांनी एकाच वेळी छापायला सुरुवात केली, भारतात ‘इंडियन एक्स्प्रेस’ने. सगळ्यांवर एकदम खटला भरणं सोपं नसतं. जागतिकीकरणाची ही बाजू आपण फार कमी वापरतो. दोन जिल्ह्यांतली स्पर्धक दैनिकंसुद्धा वाळूमाफियाची बातमी एकाच सकाळी लावू शकतात, त्याला परदेशी जाळं लागत नाही.

शेवटचा उपाय फक्त एका वहीचा आहे, म्हणूनच कदाचित कुणी करत नाही. डेस्कवर न छापलेल्या बातम्यांची नोंद ठेवा: तारीख, विषय, कुठल्या टप्प्यावर थांबली (सुचताच, लिहिल्यावर, पान लागल्यावर), सांगितलेलं कारण, आणि त्या महिन्यात संबंधिताची जाहिरात होती का. ‘जागा नव्हती’ हे कारण सगळ्यात जास्त वेळा येईल. तीन महिन्यांनी ते कुणाकुणाच्या बाबतीत आलं ते एका कागदावर उतरवा, आणि शेजारी त्या दिवशीच्या अंकात कुठला फिलर (रिकामी जागा भरणारा मजकूर) गेला होता तेही लिहा.